आवक क्रमांक सहाशे बारा

१

कामाचं कोणी विचारलं, की आवकबाई म्हणत, "काही नाही हो, कचेरीच्या उंबऱ्यावर बसते मी. कागद आला की त्याच्या कपाळावर शिक्का मारते, नंबर टाकते आणि आत सोडते."

बावीस वर्षं त्या हेच करत होत्या. लोकांच्या पाण्याच्या तक्रारींना उत्तरं पाठवणारी ती कचेरी. नळ कोरडा आहे, पाणी गढूळ येतं, मीटर उलटा फिरतो, अशी रोजची तीस-चाळीस पत्रं येत. प्रत्येक पत्राला आवक क्रमांक पडे. एकदा क्रमांक पडला, की त्या कागदाचं काहीतरी करावंच लागे. मागणी पुरी होऊन त्यावर 'निकाली' असा दुसरा शिक्का बसेपर्यंत तो कागद पाठ सोडत नसे. बाईंना काम शिकवलं ते जुन्या हेडक्लार्कांनी. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नाव नसलेल्या कागदाला नंबर द्यायचा नाही. सरळ फाडायचा. नंबर दिलात की तो आपला झाला, लक्षात ठेवा."

या बावीस वर्षांनी बाईंना दोन गोष्टी दिल्या होत्या. उजव्या अंगठ्यावर शिक्क्याच्या शाईचा जांभळा डाग, जो साबणानेही जात नसे. आणि उजवा गुडघा. लाकडी खुर्चीवर बसून बसून तो असा आखडला होता, की उठताना 'कट्' असा आवाज यायचा. शेजारच्या टेबलावरचा कारकून सगळ्यांच्या नकला करायचा, म्हणून त्याला नकल्याच म्हणत. तो ओरडायचा, "बाईंचा गुडघा वाजला! साडेपाच झाले, चला रे घरी!"

घरीही तेच. बाईंचे यजमान शिंपी. मशीनवर बसलेले असताना जिन्यात 'कट्' ऐकू आलं, की ते मान वर न करता म्हणत, "आलात? चहा टाकतो." कपड्यांच्या उरलेल्या तुकड्यांची एक ठिगळांची उशी त्यांनी बाईंच्या खुर्चीसाठी शिवून दिली होती. ती काखेत मारून बाई रोज यायच्या-जायच्या.

जुनी कचेरी तळघरात होती. छत गळायचं, पंखा कुरकुरायचा, बादलीत टप टप पाणी पडायचं. पाण्याच्या तक्रारींच्या कचेरीतच गळती, यावर नकल्याचे रोज नवे विनोद. सगळे कुरकुरत, भांडत, हसत. मग नवे साहेब आले आणि कचेरी तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या हॉलमध्ये गेली.

हॉल खरंच चांगला होता. मोठ्या खिडक्या, पायाखाली मऊ जाजम, पाठीला टेकू देणाऱ्या खुर्च्या. साहेब धरून माणसं अकरा. पण सामान आणणाऱ्याने टेबलं बारा उतरवली. "माझ्या कागदावर बारा लिहिलंय," एवढंच म्हणून तो निघून गेला. बारावं टेबल लांबच्या कोपऱ्यात, खिडकीचा उजेड पोचत नाही अशा जागी ठेवलं. त्याला खुर्ची नव्हती.

"असू द्या," साहेब म्हणाले. "पेटी ठेवायला होईल."

२

पेटी म्हणजे समाधानाची पेटी. वरच्या कचेरीचा हुकूम आला होता, की दर आठवड्याला कर्मचाऱ्यांचं समाधान मोजायचं. छापील चिठ्ठीवर पाच प्रश्न: उजेड, हवा, आवाज, बसण्याची सोय, सहकारी. प्रत्येकापुढे दोन चौकटी, 'समाधानी' आणि 'असमाधानी'. खाली शेऱ्यासाठी दोन ओळी. नाव लिहायचं नाही. शुक्रवारी जाताना चिठ्ठी पेटीत टाकायची, सोमवारी सकाळी आवकबाईंनी पेटी उघडायची. ज्या शाखांचा टक्का कमी भरला, त्यांतल्या दोन बंद झाल्याचं सगळ्यांच्या कानावर होतं. साहेब माणूस सरळ होता, पण त्या टक्क्याने त्याची झोप उडवली होती.

पहिल्या सोमवारी बाईंनी पेटी उघडली आणि हात आपोआप चालला. ठप्प, नंबर, ठप्प, नंबर. मनात घरचे विचार होते. चिठ्ठ्या संपल्यावर त्यांनी वही पाहिली, तर नोंदी सहाशे एकपासून सहाशे बारापर्यंत.

त्यांनी बोटांवर मोजलं. माणसं अकरा.

पहिल्यांदा त्यांना वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सगळ्याच चिठ्ठ्या बिननावाच्या, त्यांना नंबर द्यायचाच नव्हता. बावीस वर्षांत ही चूक झाली नव्हती. मग त्यांनी शेवटची चिठ्ठी पुन्हा उचलली. पाचही प्रश्नांपुढे 'समाधानी'. खाली पेन्सिलीने, शाळेच्या कित्त्यासारख्या एकसारख्या अक्षरांत लिहिलं होतं:

'खुर्ची हवी.'

"नकल्या, हा चावटपणा तुझाच ना?"

"बाई, देवाशपथ नाही. माझं अक्षर बघा की, कोंबडीचे पाय. इतकं देखणं अक्षर असतं तर मी इथे कशाला कुजलो असतो?"

चिठ्ठी साहेबांकडे गेली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. "दोनदा टाकली असेल कोणी. पण बाई, नंबर पडलाय ना?"

"पडला खरा. माझीच चूक."

"मग निकाली काढा. खुर्चीच मागितलीय ना? हत्ती नाही मागितला."

अडगळीतली एक खुर्ची कोपऱ्यातल्या टेबलामागे, भिंतीला पाठ करून ठेवली. बाईंनी 'निकाली' शिक्का मारला. शाई नेमकी फिकट उमटली.

३

दुसऱ्या सोमवारी बाईंनी शहाण्यासारखं एकाही चिठ्ठीला नंबर दिला नाही. मोजल्या, बारा भरल्या. बारावीच्या डोक्यावर त्याच देखण्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'संदर्भ: आवक क्रमांक ६१२.' खाली, 'उजेड कमी करावा.'

कचेरीत पत्र लिहिणारे सगळे असंच लिहितात. जुन्या क्रमांकाचा संदर्भ दिला, की नवा कागद त्याच फायलीला जोडावा लागतो. बाईंनी जोडला. मनातून नको वाटत होतं, पण हाताला वळण ते होतं. कोपऱ्यावरचे दोन दिवे काढले.

तिसऱ्या सोमवारी आलं, 'घड्याळ बंद करावं. टिकटिक होते.' घड्याळ उतरवलं.

चौथ्या सोमवारी आलं, 'पाय वाजवू नयेत.' साहेबांनी सगळ्यांना रबरी तळाच्या चपला घालायला सांगितलं.

आणि नवल म्हणजे, टक्का चढत गेला. बाहत्तर, ब्याऐंशी, नव्वद. लोक खरोखरच सुखावले होते. चहाला कोणी उठेना. खुर्चीत बसलं की बरं वाटतं, म्हणायचे. एके दिवशी बाईंच्या लक्षात आलं, की नकल्याने तीन दिवसांत कोणाचीही नक्कल केलेली नाही.

"बरं नाही का रे?" त्यांनी विचारलं.

"छान आहे की," तो म्हणाला.

"मग साहेबांची नक्कल कर बघू एकदा. ती टक्क्याची."

त्याने बाईंकडे पाहिलं. आठवायचा प्रयत्न करतोय असं वाटलं. मग म्हणाला, "काय गरज आहे बाई? सगळं चांगलंच तर आहे."

बाईंनी मनाची समजूत घातली. चांगल्या जागेत माणसं शांत होतात, त्यात वावगं काय? तळघरात आपण कुरकुरायचो, कारण तिथे कुरकुरण्यासारखं होतं. आता नाही. बारावी चिठ्ठी कोणाचीतरी खोड असेल. हे सगळं अगदी पटण्यासारखं होतं. फक्त चिठ्ठी टाकायला कोपऱ्यात गेलं, की त्या रिकाम्या खुर्चीच्या गादीवर खळगा दिसायचा, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखा. नव्या गादीला खळगा पडत नाही, असं बाईंना वाटे. मग वाटे, अडगळीतली खुर्ची ती, नवी कुठे आहे?

बाई मात्र दर शुक्रवारी 'बसण्याची सोय' यापुढे 'असमाधानी' अशीच खूण करत. मऊ खुर्चीतही त्यांचा गुडघा दुखतच होता. खोटं कसं लिहायचं?

४

पाचव्या सोमवारची चिठ्ठी: 'समोर कोणीतरी बसावं.'

कोपऱ्याला सगळ्यांत जवळचं टेबल होतं चिमणीचं. चिमणी म्हणजे उत्तरं टाइप करणारी बावीस वर्षांची मुलगी. दिवसभर गुणगुणायची, आणि हसली की आधी नाकातून सूर काढायची, मग हसायची. घरी आई एकटी. नर्सिंगच्या शिक्षणाला तिचा नंबर लागला होता, एक तारखेला तिकडे हजर व्हायचं होतं. गेल्या दोन वर्षांत जेवणाच्या सुट्टीत बाईंनीच तिच्याकडून अभ्यास करून घेतला होता. बाईंना मूलबाळ नव्हतं. पण त्या तसं कधी म्हणत नसत. "माझी चिमणी उडणार आता," एवढंच म्हणत.

"ती जाणारच आहे महिनाअखेर," साहेब म्हणाले. "तोवर तिथे बसेल. कोणाला त्रास नाही."

"बघा बाई," टेबल आवरता आवरता चिमणी म्हणाली, "शेवटी कोपऱ्यात उभं केलंच मला. शाळेत मास्तरांना जमलं नव्हतं." नाकातून सूर काढून ती हसली आणि त्या टेबलाशी, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसली.

मंगळवारी तिची गुणगुण ऐकू आली नाही. बुधवारी ती जेवायला उठली नाही. "भूक नाही बाई," म्हणाली. आवाज गोड होता. गुरुवारी तिने सहज सांगितलं, "मी विचार करतेय, नर्सिंगला नको जायला. इथे किती बरं वाटतं."

"अगं, वेडी का काय! दोन वर्षं रडत-खडत अभ्यास केलास तो कशाला?"

"का केला कोण जाणे," चिमणी म्हणाली आणि हसली. नाकातला सूर नव्हता.

त्या दिवशी साडेपाच वाजले, घंटा झाली. एकेक जण सावकाश उठला. चिमणी उठली नाही. बाई कोपऱ्यात गेल्या.

"चल ग बाई, आई वाट बघत असेल."

"हो, निघतेच." हलली नाही. हात टेबलावर, नजर समोर.

बाईंनी तिचा हात धरला. हात थंड नव्हता की गरम नव्हता. जड होता, भिजलेल्या गादीसारखा. बाईंनी दोन्ही हातांनी ओढलं, गुडघ्यातून कळ आली, कट् झालं, आणि चिमणी उभी राहिली. तिला धरून धरून बाईंनी जिन्यापर्यंत नेलं. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर ती एकदम थरथरायला लागली.

"बाई, मला उठता येत नव्हतं असं नाही. उठावंसंच वाटत नव्हतं. काहीच करावंसं वाटत नव्हतं."

"समोर कोण असतं?"

"मी बघत नाही तिकडे. बघू नये असं वाटतं." ती कठड्याला धरून उभी राहिली. "पण बाई, आज दुपारी माझं हसणं ऐकू आलं मला. नाकातल्या सुरासकट. अगदी समोरून."

"बरं मग?"

"मी हसले नव्हते हो."

५

बाई तशाच परत वर गेल्या. साहेब निघायच्या तयारीत होते.

"साहेब, त्या पोरीला उद्या तिथे बसवू नका. मी हात जोडते."

"का? चिमणीने तक्रार केलीय?"

"नाही."

"मग?" साहेबांनी फळा दाखवला. फळ्यावर त्यांनी स्वतः काढलेली रेघ जिन्यासारखी वर चढत होती. "अठ्ठ्याण्णव टक्के, बाई! तळघरात वरून तपासणी झाली तेव्हा किती होते? एकेचाळीस. कचेरी बंद पडायची वेळ आली होती, या सगळ्यांची घरं गेली असती. आता फक्त एकाच खुणेसाठी शंभर अडलेत." त्यांनी जायला बॅग उचलली. "ती खूण कोणाची, ते मी विचारत नाही."

"माझी आहे. गुडघा दुखतो माझा."

"हां," साहेब हसले. वाईट हसले नाहीत, दमलेले हसले. "पण मागणी नंबरावर आहे. निकाली काढावी लागणार. तुम्हीच शिकवलंत मला हे."

बाईंनी फाइल उघडली. सहाशे बाराच्या चिठ्ठीला चार कागद जोडलेले. शेवटच्यावर लिहिलं होतं, 'समोर कोणीतरी बसावं.' कोण ते लिहिलं नव्हतं. किती दिवस तेही लिहिलं नव्हतं.

"मग मी बसते," त्या म्हणाल्या. "उद्या शुक्रवार. दहा ते साडेपाच. दिवसभर बसले की मागणी पुरी झाली. मी स्वतः निकाली शिक्का मारते आणि फाइल बंद करते. कबूल?"

साहेबांनी खांदे उडवले. "तुमची मर्जी."

रात्री जेवताना यजमानांनी विचारलं, "काय झालंय? घास नुसता चिवडताय."

"काही नाही. उद्या जागा बदललीय माझी. एक दिवसापुरती."

"उशी न्या म्हणजे झालं," ते म्हणाले.

सकाळी बाईंनी चिमणीला आपल्या आवकच्या टेबलावर बसवलं. शिक्का तिच्या हातात दिला. आणि दारं-खिडक्या लावायला सांगावं तसं, एकेक गोष्ट सांगितली.

"साडेपाचची घंटा झाली की तू येशील आणि मला हात धरून उठवशील. मी 'बस जरा' म्हटलं तरी ऐकायचं नाही. ओढायचं."

"हो बाई."

"सोमवारी मी पेटी उघडणार नाही, तू उघड. मोज. अकरा निघाल्या तर प्रश्नच मिटला. बारा निघाल्या, तर जी जास्तीची आहे ती वाचायचीसुद्धा नाही. नंबर द्यायचा नाही. फाडून टाकायची."

"जास्तीची कशी ओळखू?"

"पेन्सिलीची असेल. आपण सगळे पेनाने लिहितो."

"आणि तुम्हीच म्हणालात की राहू दे, तर?"

"मी म्हटलं तरी फाडायची." बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला, जांभळा अंगठा जरा दूर धरून. "एक तारखेला तुला गाडीत बसवून द्यायचंय मला. कळलं?"

६

दहा वाजता बाई उशी घेऊन बसल्या. समोर पाहायचं नाही हे ठरवलेलंच होतं. त्यांनी जुनी आवक-वही आणली होती. तिच्यात मान घालून त्या पानं पडताळू लागल्या. टेबलाच्या त्यांच्या बाजूला पेटी, पेटीशेजारी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि एक पेन्सिल. ती पेन्सिल तिथे कोणी ठेवली, हे विचारायचं राहून गेलं.

अकरापर्यंत काही झालं नाही. कोपऱ्यात उजेड मऊ होता. आवाज नव्हता. हवा ना गार ना गरम. खुर्ची... खुर्चीबद्दल त्या पहिल्यांदा नीट विचार करू लागल्या. ती पाठीला जिथे हवी तिथेच टेकत होती. जणू मापं घेऊन केलेली. उशी नसती तरी चाललं असतं.

बाराच्या सुमाराला त्यांच्या ध्यानात आलं, की गुडघा दुखत नाही.

त्यांनी पाय ताणून पाहिला. नाही. कळ नव्हती, ठणका नव्हता. किती वर्षांनी! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शरीरातून कोणीतरी एक गाठ अलगद सोडवून घेतली होती. आणि त्याच क्षणी समोरून, टेबलापलीकडून, आवाज आला. हळूच, कोणी चोरून करून पाहावा तसा.

'कट्.'

बाईंनी वहीचं पान घट्ट धरलं. खुर्ची कुरकुरली असेल. अडगळीतली आहे.

थोड्या वेळाने पुन्हा, 'कट्.' या वेळी जास्त बरोबर.

आता उठावं, असं त्या स्वतःला म्हणाल्या. म्हणाल्या, आणि ते खरंही वाटलं. पण ऐन थंडीत पांघरुणात असताना उठायला हवं हे जसं खरं वाटतं, तसं. साडेपाचला चिमणी येईलच. मग घाई कशाला? वहीतले आकडे छान ओळीत होते. दुपारी कोणीतरी हलकेच खाकरलं. बाईंची खाकरण्याची सवय होती, दोनदा, मग एकदा. दोनदा, मग एकदा.

त्या खाकरल्या नव्हत्या.

सव्वापाचला लोक येऊन पेटीत चिठ्ठ्या टाकू लागले. नकल्या आला, साहेब आले. प्रत्येक जण जाता जाता समोरच्या खुर्चीकडे पाहून मान लववत होता. "येतो बाई." "सोमवारी भेटू बाई." बाई इकडून "या" म्हणाल्या. निदान त्यांना तसं वाटलं.

मग समोरून टेबलावर एक हात आला. गठ्ठ्यातली एक चिठ्ठी त्याने ओढली, कुणाचं तरी पेन घेतलं आणि पाचही प्रश्नांपुढे 'समाधानी' अशी खूण केली. घडी घालून पेटीत टाकली. हात साधाच होता. वयस्कर, नखं कापलेली. उजव्या अंगठ्यावर जांभळा डाग.

घंटा झाली.

चिमणी धावत आली. रबरी तळ असूनही तिची पावलं बाईंना ओळखू आली. ती टेबलाशी थांबली, दम लागला होता. "चला बाई! ओढू का?" म्हणत तिने हात पुढे केला.

टेबलापलीकडे.

'कट्' झालं. स्वच्छ, खणखणीत. चिमणी नाकातून सूर काढून हसली, किती दिवसांनी! "वाजला बाईंचा गुडघा! मला वाटलं, तुम्हीसुद्धा बसून राहणार."

"छे ग," बाईंचा आवाज म्हणाला. "घरी चहा टाकला असेल."

तेव्हा बाईंनी मान वर केली. पाठमोरी एक बाई, जराशी लंगडत, चिमणीच्या आधाराने दाराकडे चालली होती. बाईंचाच राखाडी स्वेटर. पिशवी. काखेत ठिगळांची उशी. बाईंनी हाताने खाली चाचपलं. उशी नव्हती. नव्हती तरी रुतत नव्हतं काही.

दारापाशी ती बाई थांबली, आवकच्या टेबलाशी वाकली. ठप्प. शिक्क्याचा आवाज. या वेळी शाई फिकट उमटली नसावी.

७

उजेड खिडकीतून जाजमावर आला, सरकत गेला, विझला. पुन्हा आला. शनिवार, रविवार असावेत. बाईंना भूक लागली नाही. कसलाच त्रास नव्हता. उजेडाचा नाही, हवेचा नाही, आवाजाचा नाही. मनात एकच गोष्ट कुसळासारखी राहिली होती. जिन्यात 'कट्' वाजलं असेल. मान वर न करता यजमानांनी म्हटलं असेल, "आलात?"

त्या कुसळाच्या जोरावर बाईंनी हात उचलला. चिठ्ठी ओढायला दुपार गेली. हाताशी पेन्सिलच होती. त्यांचं अक्षर नेहमी तिरकं यायचं, नकल्या त्याला पावसातली माणसं म्हणायचा. आता प्रत्येक अक्षर सरळ, गोल, एकसारखं येत होतं, आवरता आवरत नव्हतं. पाच प्रश्नांपुढे त्यांनी एकेक करून 'असमाधानी' अशी खूण केली. ते फार अवघड गेलं, कारण ते खरं राहिलं नव्हतं. खाली लिहिलं: 'चिमणे, मी इथे आहे.'

चिठ्ठी पेटीत पडली तेव्हा खिडक्या उजळत होत्या.

सोमवारी दहाला सगळे आले. चिमणी पेटी न्यायला कोपऱ्यात आली. इतकी जवळ, की तिच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास आला. ती गुणगुणत होती. बाईंना तिला हाक मारायची होती. पण त्या गुणगुणीने किती बरं वाटत होतं! नेली तिने पेटी.

आवकच्या टेबलाशी खुर्चीवर ठिगळांची उशी होती आणि उशीवर बाई बसल्या होत्या.

"मोज ग," त्या म्हणाल्या. "मोठ्याने मोज."

चिमणी मोजू लागली. "एक... दोन... तीन..." साहेब आपल्या दारात येऊन उभे राहिले. नकल्याने मान वर केली. "नऊ... दहा... अकरा."

ती थांबली. हातात एक चिठ्ठी राहिली होती.

"बारा," चिमणी म्हणाली. "पेन्सिलीची आहे, बाई."

"मग? मी काय सांगितलं होतं तुला?"

चिमणीने ती वाचली नाही. तिला जसं शिकवलं होतं तसंच, अगदी शहाण्या मुलीसारखं, तिने चिठ्ठीची घडी पुरती न उलगडता ती मधोमध फाडली. मग पुन्हा एकदा फाडली. शांत हॉलमध्ये तो आवाज लांब कोपऱ्यापर्यंत स्पष्ट ऐकू आला.

"म्हणजे शंभर!" साहेब म्हणाले. "शंभर टक्के!"

टाळ्या वाजल्या. कोपऱ्यात, समोरची खुर्ची रिकामी होती.